फेस नेमका अडतो कुठं?

(दृश्य : हायवेलगतचं वॉशिंग सेंटर, फोमच्या कमानीखाली एक बोलेरो)

जळगाव-भुसावळ रोड. केळीच्या सीझनला इथून ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर सगळं चालू असतं, आणि काळ्या मातीचा थर घेऊन गाड्या धुवायला येतात. ही बोलेरो आत गेली, पाणी मारून झालं, आता कमानीतून फेस पडायला पाहिजे. बघा, डावीकडं दाट फेस आणि उजवीकडं नुसतं साबणाचं पाणी टपकतंय. मागं लाईनमधून आवाज येतोच, "काय व्हयनं भो?"

अशा वेळी पहिला हात जातो नोझलवर. टाचणी, वायरचा तुकडा, जे सापडेल ते आत खुपसायचं. कृपा करून हे करू नका. ते भोक मापात पाडलेलं असतं, तारेनं ते मोठं किंवा वाकडं झालं की फवारा कायमचा बिघडतो. आणि शाम्पूच्या नळीतल्या बारीक टिपचं भोक मोठं झालं तर मशीन जास्त शाम्पू ओढायला लागतं, ते कळतं थेट महिन्याच्या बिलावर.

आधी नुसतं बघा. एकाच बाजूला फेस नाही, तर दोष त्याच बाजूच्या नोझलमध्ये किंवा नळीत. सगळीकडंच बंद, तर नोझलला हात लावायचं कामच नाही, मागं जा, शाम्पूच्या ड्रममधली जाळी, टिप, चेक व्हॉल्व्ह (माल एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप), पंप असं एकेक बघत. फेस येतोय पण पाण्यासारखा पातळ, तर हवा कमी पडतेय नाहीतर शाम्पू. आणि फुर्र फुर्र करत थुंकतोय तर हवा जास्त झाली किंवा ड्रममधून माल वर येत नाहीये. शेवटी फेस म्हणजे पाणी, शाम्पू आणि हवा, तिघांपैकी कोण गैरहजर आहे तेवढंच शोधायचं.

(क्लोजअप : उघडलेला फोम जनरेटर, आतली जाळी)

हे बघा. याच जाळीतून हवा आणि साबणाचं पाणी एकत्र घुसळून जातं तेव्हा फेस होतो. तिच्यावर हा पांढरा थर दिसतोय ना, नखानं खरवडला की खडूसारखा निघतो. हा क्षार आहे, आपल्या बोअरच्या पाण्यातला. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरजच नाही, ज्याच्या केळीत ड्रिप आहे त्याला ड्रिपर याच क्षारानं बंद होतात हे माहीत आहे, ड्रिपच्या नळ्या, म्हणजे लॅटरल, ॲसिड ट्रीटमेंट करून फ्लश करायची सवय आहे. मग रावेर-यावलमध्ये जे काम बांधावर होतं तेच वॉशिंग सेंटरवर का होऊ नये, मला खरंच समजत नाही.

एक मात्र लक्षात घ्या, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणाऱ्या मीटरवर आकडा बघून पाणी किती जड ते ठरवू नका, त्यात सगळेच क्षार येतात. जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, वेगळा तपासावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत. तुमचं पाणी त्याच्याही वर असेल तर जाळ्या कितीही धुवा, सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवल्याशिवाय सुटका नाही.

साफ कसं करायचं? पहिले पंप, कॉम्प्रेसर बंद, लाईनमधलं प्रेशर पूर्ण सोडा. प्रेशरच्या फोम टाकीचं झाकण हवा न सोडता कधीच उघडायचं नाही, हात तुटेल, मी खरं सांगतोय. मग जाळी, नोझल, टिप काढून आधी साध्या पाण्यानं साबण धुवून टाका आणि सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येतात, म्हणजे क्षार विरघळतोय. मऊ ब्रश फिरवा, उलट्या बाजूनं पाणी मारा, झालं. संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा मोह होतो, पण ते स्टीलच्या जाळीला खातं, आणि ब्लीचिंगशी मिसळलं तर विषारी गॅस होतो.

चेक व्हॉल्व्ह पण उघडून बघा. छोटीशी गोळी आणि स्प्रिंग, ती चिकटून उघडी राहिली की नळीतला माल परत ड्रममध्ये उतरतो आणि सकाळी पहिल्या गाडीला फेस उशिरा येतो. हवेच्या बाजूचा बिघडला तर साबण हवेचं प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये शिरतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं, तेही विसरतात लोक.

(दृश्य : ड्रमच्या तळाला साचलेला गाळ)

आता हा ड्रम. झाकण उघडं, वाऱ्यानं काळी धूळ आत, तळाला चिखल, आणि शोषणारी जाळी नेमकी त्याच चिखलात टेकलेली! ती तळापासून दोन बोटं वर ठेवा. शाम्पूचा ब्रँड बदलला की नवीन माल जुन्यावर ओतू नका. खासकरून गाडीला चमक देणारं वॅक्स आणि शाम्पू एका लाईनमधून गेले की त्यांचं एकमेकांशी जमत नाही, फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात, त्या कुठल्याच ॲसिडनं सुटत नाहीत, गरम पाण्यानंच काढाव्या लागतात.

मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या पुढं जातो. रात्री लाईन तशीच सोडली तर आतला शाम्पू आटून जेल होतो. म्हणून शेवटची गाडी गेली की शोषनळी साध्या पाण्याच्या बादलीत टाकायची आणि नोझलमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत फोम चालू ठेवायचा, दिवाळीला चार दिवस बंद ठेवणार असाल तर त्यानंतर नुसती हवा मारून लाईन कोरडी करायची आणि ड्रमचं झाकण घट्ट लावायचं.