सढळ हाताचं नुकसान

मित्रहो, फलकावर लिहिलंय 'वायरींचे पक्के सांधे आणि गिअरबॉक्सचं तेल'. हे दोन विषय एकत्र का, असं आयोजकांनीही विचारलं. कारण दोन्ही कामं एकाच सवयीनं बिघडतात. तेल थोडं जास्त, बोल्ट थोडा जास्त आवळलेला, डाक थोडी जास्त, टेपचे चार वेढे जास्त. कमी पडल्याची भीती सगळ्यांना असते, जास्त झाल्याची कुणालाच नाही. मुख्य मुद्दा वायरींचा आहे, पण तेलापासून सुरुवात करतो.

गिअर-तेलाच्या डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 असं लिहिलेलं असतं. ग्राहक सांगतो, 5 द्या, भारीतलं द्या. हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचला जातो, ही माझी जुनी तक्रार आहे. हा दर्जाही नव्हे आणि घट्टपणाही नव्हे. घट्टपणा 75डब्ल्यू-90 वगैरे आकड्यांत असतो. जीएलचा आकडा सांगतो की दात एकमेकांवर किती दाबानं घासणार आहेत. डिफरन्शियल म्हणजे चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच. त्यातल्या हायपॉइड, म्हणजे तिरक्या घसरत फिरणाऱ्या दातांवर दाब प्रचंड, म्हणून जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त. मॅन्युअल गिअरबॉक्सात मात्र बहुतेकदा पितळी सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर जुळण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या असतात. त्यांचं सगळं काम घर्षणावर चालतं. त्या रिंगेनं शंकूला धरून दोन गिअरांचा वेग एक करायचा आणि आपण तिथे घसरडेपणा ओतायचा! वर काही प्रकारची गंधकी द्रव्यं तांब्याच्या मिश्रधातूंना खातात. मग गिअर टाकताना करकर होते आणि दोष जातो क्लचच्या नावावर. पितळेला चालणारी जीएल-5 तेलंही निघाली आहेत, काही गाड्यांना जीएल-5 च सांगितलेलं असतं. म्हणून गाडीच्या पुस्तकात बघा. हसू नका, पुस्तक गाडीतच असतं, हातमोज्यांच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेलं.

आता कृती. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, म्हणजे गाळ तेलात तरंगत बाहेर येतो. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं एका पातळीत. एकच बाजू जॅकवर असेल तर पातळी खोटी दिसते. गाडी उचललीच तर स्टँड हवेतच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. आधी भरायचा बोल्ट सैल करायचा, मगच खालचा. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं ठीक, तुकडे किंवा चकत्या असतील तर तेल बदलून भागणार नाही. वॉशर नवा घाला. गळती थांबवतो तो वॉशर, आपला जोर नव्हे. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, जास्त आवळला तर आटे कोणाचे जाणार? निघालेलं तेल मोजून ठेवा. नवं तेल बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सात भोकाच्या काठापर्यंत भरायचं, बारीक धार बाहेर आली की थांबायचं. जास्तीचं तेल गिअर घुसळतात, फेस होतो, तेल तापतं आणि सीलवाटे वाट काढतं.

ऑटोमॅटिकमध्ये सढळ हाताची हद्द होते. पुस्तकात दोन आकडे असतात, एक पूर्ण रिकाम्या गिअरबॉक्सचा आणि एक तेल-बदलीचा. खालून तेल सोडलं तरी बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागात राहतं. ते न कळता मोठा आकडा ओतला की झालं. जितकं निघालं तितकंच घाला. मग इंजिन चालू, लिव्हर सगळ्या स्थानांतून फिरवा आणि कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला पातळी बघा. जळका वास नि काळपट रंग म्हणजे क्लचपट्ट्या जळताहेत. गुलाबी दुधाळ तेल दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय, गाडी चालवू नका. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, सीव्हीटीचंच तेल.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. म्हणजे मुख्य विषयाला पाच मिनिटं.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. वायर सोलताना एकही तार तुटू देऊ नका. बट कनेक्टर, म्हणजे दोन वायरींची टोकं आत घालून दाबायची नळी, वायरीच्या जाडीप्रमाणे निवडा: लाल साधारण 0.5 ते 1.5 चौरस मिलिमीटर, निळा 1.5 ते 2.5, पिवळा 4 ते 6. साध्या पक्कडीनं कमी दाबलं तर सांधा सैल, जास्त दाबलं तर तारा चिरतात. रॅचेटचं हत्यार पूर्ण दाब झाल्याशिवाय सोडत नाही आणि त्यापुढे दाबूही देत नाही, म्हणून ते घ्या. मग ओढून बघा.

डाक (सोल्डर) द्यायचीच तर आधी तारा एकमेकींत गुंफून सांधा नुसता ओढूनही टिकेल असा करा. डाक नीट धरावी म्हणून लावायचा फ्लक्स रोझिनचा वापरा, आम्लाचा नको, तो नंतरही तांबं खात राहतो. तापवायची वायर, तिच्या उष्णतेनं डाक वितळली पाहिजे. डाक जास्त झाली की इन्सुलेशनखाली चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनानं तार नेमकी त्या ताठ भागाच्या टोकाशी तुटते. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाक कधीच नको. दाबाखाली ती हळूहळू सरकते, स्क्रू सैल होतो, सांधा तापतो. तिथे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोक लावा. सांध्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी चढवा. इंजिनजवळच्या उष्णतेत टेपचा चिकटपणा ओघळतो, वेढे कितीही मारा. शेजारच्या वायरींचे सांधे एका रेषेत नकोत, पुढे-मागे करा.

तपासणी: 0.1 ओहमचा सांधा, 10 अँपिअर प्रवाह, 1 व्होल्ट गेला आणि 10 वॉट उष्णता त्या इवल्याशा जागी. ओहममापनात हे सापडेलच असं नाही, कारण मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो आणि एकच तार शिल्लक असली तरी सांधा चांगला दिसतो. त्या वायरीवरचा दिवा चालू ठेवा, मीटर व्होल्टवर घेऊन सांध्याच्या दोन्ही बाजूंना टोकं लावा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा कापून पुन्हा करा.

घंटा झाली, एकच राहिलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कनेक्टरचं सील गेलं तर वातीत चढावं तसं तेल तारांमधून वर चढतं, काही गाड्यांत थेट कंट्रोलरपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकापर्यंत. कनेक्टर तेलकट दिसला तर आधी सील बदला, वायरींना हात नंतर.