पुरात इंजिन गेलं, नवं बसवलं. पण आरसीवर नंबर जुनाच?

नमस्कार मंडळी! राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की काय होतं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ आणि २०२१च्या पुरात कितीतरी गाड्या जागेवरच बुडाल्या. पाणी उतरलं की कुणीतरी घाईनं स्टार्टर मारतं. सिलिंडरमध्ये पाणी, ते दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, फोडून बाहेर येतो. आणि मेकॅनिक म्हणतो, "इंजिनच बदलायला लागतंय."

थांबा. आधी त्याला एकच विचारा, ब्लॉक वाचतोय का? कारण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. हेड बदला, क्रँक बदला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून (आतून कातून) नवे पिस्टन टाका, नंबर तोच राहतो. ब्लॉक गेला की नंबर गेला, आणि तिथून आरटीओची वारी सुरू होते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की परवानगी न घेता बदल केला असेल, तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. मी म्हणेन, इंजिन उतरवण्याआधीच जाऊन विचारा. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं.

बिलावर नव्या इंजिनाचा नंबर छापलेला हवाच. जुन्या बाजारातून घेत असाल तर ज्या गाडीतून ते काढलं, तिच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

आता मला मनापासून खटकणारी गोष्ट. विमावाले म्हणतात, आधी आरसीवर नंबर चढवा. आरटीओत म्हणतात, आधी विमा दाखवा. मधे माणूस हेलपाटे घालतो. चोरीची इंजिनं खपू नयेत म्हणून तपासणी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण नव्या गाडीची नोंदणी डीलरकडूनच ऑनलाइन होते ना? मग कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरनं बसवलेल्या इंजिनाची नोंदही तिथूनच व्हायला काय हरकत आहे?

तपासणीला जाताना ब्लॉकवरचं ग्रीस रॉकेलनं पुसून न्या. नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की प्रत्येक आकडा स्वच्छ उमटला पाहिजे. आणि कुणी "जुनाच नंबर ठोकून देतो" म्हणालं तर तिथून सरळ निघा. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच बदलतात, आणि आकड्यांची खोली, ओळ बघून जाणकाराला ते लगेच कळतं.

जुना ब्लॉक भंगारात घालण्याआधी त्याच्याही नंबरचा फोटो काढा, पेन्सिल प्रिंट घ्या आणि भंगारवाल्याची पावती फाईलला लावा. जुनं इंजिन कुठं गेलं, असं विचारलं तर दाखवायला तोच कागद असतो.