दाराशी पडलेला भाव

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी 22 वर्षं खरेदीचं टेबल सांभाळलं. आमच्याकडे इलेक्ट्रिकल पॅनेल बनायची. पॅनेलच्या दाराला आतून एक काळी रबरी पट्टी असते, गास्केट म्हणतात तिला. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. एकदा मी ती परदेशातून मागवली. मीटरमागे 12 रुपये वाचत होते, आणि मीटिंगमध्ये मी ते ऐटीत सांगितलंही.

माल आला तो एक मिलिमीटर जाड. दार लावलं की कुलूप बसेना. फोटो पाठवले, मेल झाले. उत्तर आलं, बदली माल दोन महिन्यांनी. इकडे तयार पॅनेल दारं उघडी टाकून रांगेत उभी. शेवटी वीतभर तुकडा स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि नाशिकमधलीच अंबडची औद्योगिक वसाहत गाठली. तिथल्या कारखानदारानं पट्टीत नख रोवून बघितलं. म्हणाला, "साहेब, हे रबर आहे की दगड?" तिसऱ्या दिवशी नमुना टेबलावर. दार 'टक्' करून लागलं.

तेव्हापासून मी बिलावरचा भाव बघत नाही, दाराशी पडलेला भाव बघतो. समजा, तिकडचा भाव 40 रुपये आणि इथला 52. चाळिसात जहाजाचं भाडं, विमा, कस्टम ड्युटी, क्लिअरिंग एजंट आणि न्हावाशेव्यापासून कसारा घाट चढून येणारा ट्रक मिळवा, झाले 47. एकदम मोठी ऑर्डर द्यावी लागते, म्हणून तीन महिन्यांचा माल गोदामात पडून. त्या पैशाचं व्याज धरा, साडेअठ्ठेचाळीस. शंभरात पाच नग बाद निघाले, की आकडा 51 वर. आता एका रुपयासाठी समुद्र ओलांडायचा का? डॉलरची चढउतार तर मी अजून मोजलीच नाही.

आणि वाट. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस वाहतूक ठप्प. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. युरोपातल्या सुट्या भागासाठी थांबलेल्या मशीनला त्याचं काय!

म्हणून सगळंच इथलं घ्या, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या वाइनरीला ओकची पिंपं फ्रान्स-अमेरिकेसारख्या देशांतूनच आणावी लागतात. बुचाचं झाड पोर्तुगालकडचं. नऊ-नऊ वर्षांनी त्याची साल काढतात. ते दिंडोरीत लावायचा हट्ट कशाला? पण द्राक्षाचा पुठ्ठ्याचा खोका दुरून आणणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. जड, फुगीर, वरचेवर बदलणारा आणि थोडाथोडा लागणारा माल जवळूनच घ्यावा.

'जवळचा' म्हणजे तरी काय? अंबडच्या त्या गड्याचं रबर केरळातून येत होतं. येवल्याच्या पैठणीचंही रेशीम बंगळूरकडचं, जरतार सुरतेची. हात मात्र येवल्याचे. कच्चा माल कुठूनही येवो, चूक सुधारणारा हात तासाभराच्या अंतरावर असावा, एवढंच मी बघतो. काही दुकानदार नुसतं स्टिकर बदलून परदेशी माल 'इथला' म्हणून देतात. त्यांना एकच सांगावं: "चला, तुमचं मशीन दाखवा."

आता थोडं आपल्याच बाजूचं. परदेशी पुरवठादाराला आपण निमूटपणे आगाऊ पैसे पाठवतो आणि अंबडवाल्याला "पुढच्या आठवड्यात बघू". 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकवावं लागतं, करार नसेल तर 15. गास्केटवाल्याची पहिली तीन बिलं मी अकाउंट्सच्या टेबलाशी उभं राहून पास करून घेतली. चौथ्या वेळी रजेवर होतो. परतलो तर त्याचा फोन, "साहेब, माल तयार आहे. पण आधीचं बिल?"