कुत्र्याच्या पिल्लाच्या हृदयात मर्मर: ‘ग्रेड’ नेमका कशाचा?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न. ‘लस द्यायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले ग्रेड 3 मर्मर आहे. पिल्लू वाचेल ना?’

मर्मर म्हणजे हृदयातून रक्त खळखळत गेलं की येणारा जादा आवाज. स्टेथोस्कोपने ऐकायचा, 1 ते 6 ग्रेड द्यायचा. झालं.

आता घोळ इथे आहे. ग्रेड आवाजाचा असतो, आजाराचा नाही! 1 म्हणजे शांत खोलीत कान देऊन ऐकावा लागतो. 5 म्हणजे छातीवर हात ठेवला तरी थरथर लागते. एवढंच. कॅन्सरच्या स्टेजसारखं हे नाही हो.

पटत नाही? हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल, तर बारीक भोकाचा आवाज मोठा येतो. नळाला बोट दाबून बघा, पाणी कसं सर्रकन उडतं. मोठ्या भोकाचा आवाज कमी असू शकतो, आणि त्रास मात्र जास्त.

आणि हृदयात काहीच बिघाड नसतानाही मर्मर येतो. वाढत्या पिल्लांत ग्रेड 1-2 चा असा निरुपद्रवी आवाज बहुतेकदा 4-5 महिन्यांपर्यंत जातो. माझ्याकडे एक पिल्लू ‘हृदयरोगी’ म्हणून आलं होतं. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक! पोटात रक्त पिणारे हुकवर्म जंत, अंगावर गोचीड. रक्त कमी झालं की मर्मर येतो. जंताचं औषध दिलं, रक्त भरलं, आवाज गायब. बरं, अशा पिल्लाला ‘खजूर चारू का’ विचारणारे दादा, आधी विष्ठा तपासा.

एका ताईंनी लिहिलंय, ‘आमचं पिल्लू उड्या मारतं, मग इको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला?’ ताई, पीडीएवाली पिल्लंही उड्या मारतात. पीडीए म्हणजे जन्मानंतर बंद व्हायची हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहते, आणि मर्मर मधे न थांबता सलग चालू राहतो. तसंच सोडलं तर हृदय थकतं. वेळेत ऑपरेशनने किंवा कॅथेटरने बंद केली, तर बहुतेक पिल्लं नीट जगतात. हे ग्रेडवरून कळणार नाही, इकोवरच दिसेल.

म्हणून हळू आवाज असेल तर लसीच्या पुढच्या डोसला पुन्हा ऐकून घ्या. मोठा किंवा सलग असेल, 5 महिन्यांनंतरही टिकला असेल, किंवा पिल्लू दमत असेल, तर इको करा. गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सरवाल्यांनी तर नक्कीच, कारण या जातींत दिसणारा महाधमनीखालचा (हृदयातून रक्त बाहेर पडायच्या वाटेतला) अडथळा वाढीबरोबर वाढू शकतो. आणि नसबंदीची तारीख घेतली असेल, तर आधी इको, मग भूल.