लोहारकामाची डिग्री

नमस्कार, श्रोतेहो. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं ग्रिलचं वर्कशॉप आहे. 22 वर्षं झाली, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पट्ट्या-सळ्या आणतो, कापतो, वेल्डिंग मारतो. बारावी झालेली माझी पुतणी परवा म्हणाली, "काका, लोहारकामात डिग्री करता येते." घरच्यांना पटेना.

पण ती खरं बोलत होती. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये कलात्मक लोहारकाम हा बीएचा विषय आहे.

मी तिला माझ्या जुन्या भट्टीपाशी उभं केलं. साधं वेटोळं करायचं होतं. 12 मिलिमीटरची सळी नारिंगी होईस्तोवर तापवायची, ऐरणीवर टोक निमुळतं करायचं, मग ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या गोल निमुळत्या टोकावर, हलक्या हाताने वळवायचं. लाली उतरली की हात थांबवायचा, नाहीतर चीर जाते. फार तापवलं तर सळीतूनच ठिणग्या उडतात. लोखंड जळायला लागलेलं असतं. हे सगळं रंगावरून ओळखायचं. सहा वेळा तापवल्यावर तिचं वेटोळं जमलं, पण तिने कागदावर काढलेल्या रेषेशी जुळेना. ती लगेच कागदावरची रेष बदलायला बसली. डिग्रीत शिकायचं ते हेच, असं मला वाटतं.

आपल्या मुंबईत हे शिक्षण होतं, बरं का. जे. जे. कलाशाळेत 1860च्या दशकात हिगिन्स नावाचे शिक्षक घडीव लोखंडाचं नक्षीकाम शिकवत. बोरीबंदरच्या स्टेशनात तिकीट खिडक्यांच्या जाळ्या, मोठ्या जिन्याचे कठडे घडवण्यात तिथल्या विद्यार्थ्यांचा हात होता. ठाण्याहून रोज लोकलने सीएसएमटीला उतरता ना? एकदा मान वर करून बघा.

मग चित्र कॉलेजात राहिलं आणि घण रस्त्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. नवरा सांडशीने विळा धरतो, बायको उभ्याने घण घालते. तो नुसती मान हलवतो आणि तिचा घाव नेमका हवा तिथे बसतो. असा हात आमच्यापैकी एकाचाही नाही. कॉलेजात हा विषय कधी सुरू झालाच, तर पहिली शिक्षिका म्हणून अशाच बाईंना बोलवायला हवं, मानधन देऊन, मानाने.

तोवर रविवारी माझी भट्टी रिकामी असते. त्यातल्या एका ताईंना मी विचारलंय. येते म्हणाल्यात.