हेडिंग स्ट्रीटवरचा हिशेब

(दृश्य: कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमधली एक गल्ली. दारात आकाशकंदील अजून तसाच.)

सनीवेल, क्युपर्टिनो, सॅन होजे. मराठी घरं इथे काही कमी नाहीत. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच घरमालकांना 10 डिसेंबर आठवतो. मालमत्ता कराचा पहिला हप्ता तोवर भरायचा, नाहीतर दंड. दुसरा 10 एप्रिलपर्यंत.

बिल पाठवते सांता क्लारा काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. त्यामुळे पैसाही तिचाच, असं वाटतं. पण काउंटी वसुली करते सगळ्यांसाठी. मोठा वाटा शाळांना जातो, शहरांना जातो, लहानसहान मंडळांना जातो. तिच्या स्वतःच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो.

(दृश्य: शेजारी शेजारी दोन सारखीच घरं.)

आता ही दोन घरं बघा. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13 हा प्रस्ताव मंजूर केला. मूळ कर एक टक्का, आणि घराची करापुरती किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवायची. घर विकलं गेलं, की नवी किंमत. समजा, डावीकडचं घर 1980 साली एक लाख डॉलरला घेतलेलं. कागदावर ते आज अडीच लाखांच्या आसपास. उजवीकडचं परवा वीस लाखांना घेतलं. एकाचा मूळ कर अडीच हजार, दुसऱ्याचा वीस हजार. भिंत सामाईक, रस्ता तोच! नवं घर घेणारा आयटीवाला हे ऐकून जरा वेळ गप्प बसतो.

(दृश्य: सॅन होजे, वेस्ट हेडिंग स्ट्रीट. काउंटीची इमारत.)

काउंटीचा कारभार बघणारे पाच निवडून आलेले सुपरवायझर इथे बसतात. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. मे महिन्यात अंदाजपत्रकाचा मसुदा येतो, जूनमध्ये सुनावण्या होतात आणि मंजुरी मिळते. आकडा 13 अब्ज डॉलरच्या वर. एवढ्या पैशात काय वाट्टेल ते करता येईल, असं वाटेल. पण राज्याकडून आणि केंद्राकडून येणारा पैसा कामाचं नाव लिहूनच येतो. हा मेडी-कॅलचा, म्हणजे गरिबांच्या आरोग्य विम्याचा, हा कॅलफ्रेशचा, म्हणजे अन्नासाठीच्या मदतीचा, हा मानसिक आरोग्याचा. एकातला उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. खरी ओढाताण होते ती उरलेल्या मोकळ्या पैशावर. तुरुंग, सरकारी वकील, निवडणुका, सगळे त्याच्याकडे डोळे लावून.

त्यात रुग्णालयं. ज्याला कुणाचाच आधार नाही, त्याची जबाबदारी काउंटीवर, असं राज्याच्या कायद्याचं कलम 17000 सांगतं. इथली काउंटी तर स्वतः रुग्णालयं चालवते. 2019 मध्ये तिने दोन विकत घेतली, 2025 मध्ये आणखी एक. इथले बरेच रुग्ण मेडी-कॅलवर, आणि त्या योजनेचा मोठा भार केंद्र उचलतं.

(दृश्य: आपत्कालीन विभागाबाहेरची रांग.)

2025 चं अंदाजपत्रक जूनमध्ये मंजूर झालं. 4 जुलैला वॉशिंग्टनमध्ये केंद्राच्या मेडी-कॅलसारख्या मदतीला कात्री लावणाऱ्या कायद्यावर सही झाली. नव्या आर्थिक वर्षाचा तो जेमतेम चौथा दिवस होता.

काउंटी मतदारांकडे गेली. मतदानाला ठेवलेला प्रस्ताव, मेझर ए: पाच वर्षांसाठी विक्रीकरात 0.625 टक्क्यांची वाढ. नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला. ठरावीक कामासाठीचा कर असता, तर दोन तृतीयांश मतं लागली असती. हा सर्वसाधारण कर, म्हणून साधं बहुमत पुरलं.

प्रचार रुग्णालयांच्या नावाने झाला खरा, पण कायद्याने हा पैसा त्यांना बांधलेला नाही. तो कुठे जाणार, हे दर जूनला तेच पाच जण ठरवणार. सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात.