दाढीवरून मत ओळखू नका

[दृश्य: विटांची अष्टकोनी इमारत]

इटलीतलं राव्हेन्ना. इमारत बुटकी दिसते, कारण पंधराशे वर्षांत भोवतालची जमीन चढली. मूळ फरशी आजच्या फरशीखाली दोन मीटरहून खोल आहे. आत भिंतींवर नुसत्या विटा. बघायचं ते वर, रंगीत कपच्या बसवून केलेलं चित्र, म्हणजे मोझेक.

[दृश्य: घुमट, हळूहळू जवळ]

यार्देन नदीत कमरेपर्यंत उभा येशू, तरुण, बिनदाढीचा. एका बाजूला कातडं पांघरलेला, बाप्तिस्मा देणारा योहान, त्याचा हात येशूच्या डोक्यावर. दुसऱ्या बाजूला बसलेला म्हातारा म्हणजे खुद्द यार्देन नदी, डोक्यावर खेकड्याच्या नांग्या! मधलं कबूतर म्हणजे पवित्र आत्मा.

हे बाप्तिस्मागृह, म्हणजे बाप्तिस्मा देण्याची इमारत, गॉथ या जर्मानिक लोकांचा राजा थिओडोरिकच्या काळातलं, इसवी सन ५०० च्या आसपासचं. राजा एरियन पंथाचा. एरियस हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. त्याचं म्हणणं असं, की पुत्र म्हणजे येशू थोर खरा, पण पित्याने निर्माण केलेला. तो नव्हता असाही काळ होता. ३२५ साली निकेया इथल्या धर्मपरिषदेने हे नाकारलं आणि पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असं ठरवलं. म्हणजे देव तीन नाहीत, आणि एकच देव तीन सोंगं घेतो असंही नाही. ब्रह्मा-विष्णू-महेशांसारखी कामांची वाटणी डोक्यात ठेवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य समजायला गेलं की इथेच फसगत होते. तत्त्व एक, व्यक्ती तीन.

[दृश्य: दुसरा घुमट, निळ्या पार्श्वभूमीवर प्रेषित, म्हणजे येशूचे पट्टशिष्य]

हे निकेयाचं मत मानणाऱ्यांचं बाप्तिस्मागृह, त्याच शहरात, पहिल्याहून जुनं. इथला येशू दाढीवाला. मग सोपा निष्कर्ष निघतो, की एरियनांनी त्याला कोवळा दाखवला, कारण त्यांच्या लेखी तो पित्याहून कमी. ऐकायला छान, पण चूक. या घुमटातलं येशूचं डोकं, कबूतर आणि योहानाच्या हातातली ताटली ही एकोणिसाव्या शतकातली डागडुजी आहे.

[दृश्य: सांत अपोलिनारे नुओव्होची लांब भिंत]

हे थिओडोरिकच्याच राजवाड्याचं चर्च. अगदी वरच्या रांगेत दोन्ही भिंतींवर तेरा-तेरा चित्रं. चमत्कारांच्या बाजूला येशू बिनदाढीचा, दुःखसहनाच्या बाजूला दाढीवाला. आश्रयदाता एकच, तोही एरियन.

[दृश्य: कपच्या, अगदी जवळून]

कारागिरीही दोन्हीकडे एकच. चुन्याच्या गिलाव्याचे थर, आणि शेवटचा पातळ थर कपच्या बसवून होतील तेवढ्याच जागेवर. तो आवळला की कपची धरत नाही, पुढे गळते. सोनेरी कपचीत जाड काचेवर सोन्याचा वर्ख असतो आणि वर मिलिमीटरभरही नाही असा काचेचा पापुद्रा. ओल शिरली की पापुद्रा उचलतो, वर्ख जातो, काळा ठिपका उरतो. कपच्या मुद्दाम तिरक्या, कमी-जास्त कलत्या बसवायच्या. सगळ्या सपाट बसवल्या तर उजेड एकाच जागी चमकतो आणि बाकीचं सोनं मातकट दिसतं. एरियन घुमटात प्रेषितांच्या पायांखालचं गवत बघा, कुठे गडद, कुठे फिकं. काम एका दमात झालेलं नाही.

मग फरक कुठे? शब्दांत. एरियन उपासनेत गौरव ‘पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात’. निकेयाच्या बाजूने ‘पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला’. सगळं भांडण या विभक्तीप्रत्ययांत. बाप्तिस्म्याच्या बुडीचा आकडासुद्धा भरवशाचा नाही. स्पेनमध्ये एरियन तीनदा बुडवत, म्हणून ५९१ साली पोप ग्रेगरीने तिथल्या कॅथलिकांच्या, म्हणजे निकेयाचं मत मानणाऱ्यांच्या, एकाच बुडीला मान्यता दिली.

[दृश्य: राजवाड्याचं मोझेक, रिकाम्या कमानी]

५४० मध्ये सम्राट जस्टिनियनच्या फौजेने शहर घेतलं. पुढे वीसेक वर्षांत एरियनांची चर्चं कॅथलिकांकडे गेली. नव्या मालकांनी घुमट तसाच ठेवला, वरच्या रांगेतल्या एकाही येशूला हात लावला नाही. राजवाड्याच्या चित्रातली दरबारी माणसं तेवढी उपटली आणि त्यांच्या जागी पडदे भरले.

[दृश्य: खांब, जवळून. इथून निवेदन नाही.]

खांबांवर त्यांचे हात राहिले आहेत.